रंग उतरला, क्षार राहिले

संशोधनासाठी निधी देणाऱ्या एका समितीवर मी काही वर्षे काम केले. दरवर्षी येणाऱ्या प्रस्तावांच्या गठ्ठ्यात एक प्रकार ठरलेला असे. नारळाची करवंटी, चिंचोके, शेंगांची टरफले, कडुनिंबाची साल, भाताचे तूस किंवा उसाचा बगॅस यांपैकी काहीतरी घ्यायचे, त्यापासून सक्रिय कोळसा तयार करायचा आणि त्या कोळशाने पाण्यातला रंग काढून दाखवायचा. सोबत बहुधा एक छायाचित्र जोडलेले असे. डावीकडच्या चंचुपात्रात गडद निळे पाणी, उजवीकडच्या चंचुपात्रात नितळ पाणी. प्रस्तावाच्या अखेरीस ‘स्वस्त’, ‘पर्यावरणस्नेही’ आणि ‘ग्रामीण रोजगार देणारे’ ही तीन विशेषणे हमखास येत. अशा अनेक प्रस्तावांच्या बाजूने मी स्वतः मत दिले आहे. हे आरंभीच सांगायला हवे, कारण पुढे जी टीका करणार आहे तिच्यातून मलाही सूट नाही.

पहिली गोष्ट ही की, या प्रस्तावांत काहीही खोटे नसते. ही क्रिया खरोखर घडते. करवंटी कमी हवेत तापवली की तिचा कोळसा होतो. तो आठशे ते हजार अंश सेल्सिअस तापमानाला वाफेच्या संपर्कात ठेवला, किंवा तापवण्याआधी कच्चा माल फॉस्फोरिक आम्लासारख्या रसायनात भिजवला, की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार होतात. बाजारात ज्याला ‘ॲक्टिव्हेटेड कार्बन’ म्हणतात तो हाच. अशा एक ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग सुमारे हजार चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे भरतो. रंगाचे रेणू या पृष्ठभागाला चिकटून बसतात. शास्त्रात या क्रियेला अधिशोषण असे नाव आहे. कोळशाच्या या गुणाची नोंद १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे टोबियास लोवित्स या रसायनज्ञाने केली होती. पुढे साखर शुभ्र करण्यासाठी त्याचा वापर झाला आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत करवंटीचा कोळसा भरला गेला. भारतातून होणाऱ्या नारळजन्य पदार्थांच्या निर्यातीतही आज सक्रिय कोळशाचा वाटा मोठा आहे. तेव्हा पदार्थ अस्सल आहे, क्रियाही अस्सल आहे. प्रश्न आहे तो या क्रियेकडून आपण बाळगलेल्या अपेक्षेचा.

या अपेक्षेची परीक्षा तमिळनाडूतील तिरुप्पूरने फार पूर्वीच घेतली आहे.

तिरुप्पूर हे देशाचे होजियरीचे माहेरघर. जगभरच्या दुकानांत टांगलेले सुती टी-शर्ट येथे विणले, रंगवले आणि शिवले जातात. गावातून वाहणारी नोय्यल ही कावेरीची उपनदी. रंगाई आणि ब्लीचिंगचे कारखाने वाढत गेले तसे त्यांचे सांडपाणी या नदीत उतरले. खालच्या अंगाला ओरत्तुपाळयम येथे सिंचनासाठी धरण बांधण्यात आले. ते १९९२ मध्ये पूर्ण झाले, आणि थोड्याच वर्षांत ते रंगाईच्या सांडपाण्याचे साठवण तळे झाले. ज्या शेतकऱ्यांसाठी धरण बांधले, त्यांनाच ‘हे पाणी आमच्याकडे सोडू नका’ असे म्हणण्याची वेळ आली.

तिरुप्पूर स्वस्थ बसले होते असे नाही. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. चुना, फेरस सल्फेट यांसारखी रसायने टाकून रंग गाळात बसवायचा आणि वरचे पाणी सोडून द्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. रंग बऱ्याच अंशी जाई. नदी मात्र सुधारली नाही, कारण रंगाबरोबर पाण्यात दुसरे काहीतरी होते आणि ते गाळात बसत नव्हते. ते होते मीठ.

हे मीठ कुठून येते, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. सुती कापडासाठी मुख्यतः ‘रिॲक्टिव्ह’ वर्गातील रंग वापरतात. १९५६ मध्ये ते बाजारात आले आणि धुतल्यावर न जाणारे चमकदार रंग सामान्य माणसाच्या अंगावर आले. हे रंग पाण्यात सहज विरघळतात, त्यामुळे ते पाणी सोडून धाग्याकडे जावेत म्हणून रंगपात्रात मीठ किंवा सोडियम सल्फेट घालावे लागते. गडद छटेसाठी हे प्रमाण लिटरमागे पन्नास ते ऐंशी ग्रॅमपर्यंत जाते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. म्हणजे गडद रंगाचे पात्र समुद्राहून खारट असते. एक किलो कापडाला आठ लिटर पाणी आणि लिटरमागे साठ ग्रॅम मीठ धरले, तर किलोभर कापडामागे जवळजवळ अर्धा किलो मीठ लागते. त्यातले कापडावर काहीच राहत नाही. रंगाचा बराचसा भाग धाग्याला धरतो, उरलेला वाहून जातो. मीठ मात्र सगळेच वाहून जाते.

सक्रिय कोळसा हे मीठ पकडत नाही. वनस्पतीपासून केलेला असो वा दगडी कोळशापासून, उत्तम असो वा सुमार, सोडियम आणि क्लोराइडचे आयन त्यातून जसेच्या तसे पार होतात. प्रयोगशाळेतील उजवीकडचे चंचुपात्र नितळ दिसते. त्यातले पाणी पिकाला घालण्याजोगे आहे का, हे त्या छायाचित्रावरून कळत नाही. काही वर्षांपूर्वी नोय्यलच्या खालच्या भागातील एका शेतकऱ्याने मला आपल्या विहिरीचे पाणी पेल्यात भरून दिले होते. ते स्वच्छ होते, वास नव्हता, रंग नव्हता. मी एक घोट घेतला आणि दुसरा घेऊ शकलो नाही. त्याच्या गुरांनीही ते पाणी केव्हाच सोडले होते. सोडियम साचत गेले की जमीन घट्ट होते, पाणी मुरेनासे होते, आणि कारखाना बंद पडला तरी ती जमीन लगेच पूर्ववत होत नाही.

या अनुभवातूनच नोय्यलच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांची संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने २००६ मध्ये कारखान्यांना सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची अट घातली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ‘प्रदूषण करणाराच भरपाई देईल’ या तत्त्वावर शेतकऱ्यांची बाजू उचलून धरली. अट पाळली जात नाही असे दिसल्यावर जानेवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तिरुप्पूरचे सगळे रंगाई आणि ब्लीचिंगचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर जे उभे राहिले ते आज देशभर उदाहरण म्हणून सांगितले जाते. जैविक प्रक्रिया, मग पाणी पडद्यातून दाबाने गाळणारी आरओ यंत्रणा, मग उरलेले खारे पाणी आटवणारी बाष्पके, आणि पाणी व मीठ दोहोंचा पुनर्वापर. हे महाग आहे, ऊर्जा खाणारे आहे, आणि पुन्हा वापरता न येणाऱ्या मिश्र क्षारांचे ढीग तेथेही छपराखाली साठत असतात. तरीही त्यात एक प्रामाणिकपणा आहे. प्रश्न रंगाचा नसून विरघळलेल्या सगळ्या गोष्टींचा आहे, हे त्यात मान्य केलेले आहे.

आता प्रयोगशाळेकडे परत येऊ. बहुतेक प्रस्तावांत ज्या रंगावर प्रयोग केलेला असतो तो असतो मिथिलीन ब्लू. तो स्वस्त आहे, मोजायला सोपा आहे, आणि कोळशाची ताकद तपासण्याचे ते जुने परिमाणही आहे. त्याचा रेणू लहान असतो आणि त्यावर धन विद्युतभार असतो, त्यामुळे बहुतेक वनस्पतिजन्य कोळशांना तो झटकन चिकटतो. सुती कापडाच्या रंगाईत जे रिॲक्टिव्ह रंग सांडपाण्यात येतात, ते मोठ्या रेणूंचे आणि ऋण भाराचे असतात. करवंटीच्या कोळशाची छिद्रे अतिशय बारीक असतात. पिण्याच्या पाण्यातील क्लोरीन किंवा सोन्याच्या खाणीतील सोने पकडायला ती उत्तम. मोठ्या रेणूंच्या रंगाला मात्र थोडी रुंद छिद्रे लागतात आणि लाकडापासून आम्ल वापरून केलेला कोळसा तेथे अधिक चालतो. शिवाय खऱ्या सांडपाण्यात मीठ, सोडा, खळ, साबण आणि तेल सगळे एकत्र असते आणि छिद्रांतल्या जागेसाठी त्यांतील सेंद्रिय पदार्थ रंगाशी स्पर्धा करतात. शुद्ध पाण्यात एक रंग घोळून केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष नाल्याला लावता येत नाही. समितीत बसलेल्या आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होते. तरी ‘हा प्रयोग खऱ्या सांडपाण्यावर का केला नाही’ हा प्रश्न आम्ही क्वचितच विचारला.

थोडे गणित करून पाहू. आकडे मी गृहीत धरलेले आहेत, पण ते अवास्तव नाहीत. समजा, सांडपाण्यात लिटरमागे दोनशे मिलिग्रॅम रंग आहे आणि खऱ्या परिस्थितीत एक ग्रॅम कोळसा शंभर मिलिग्रॅम रंग धरतो. मग हजार लिटर पाण्याला दोन किलो कोळसा लागेल. रोज एक लाख लिटर सांडपाणी सोडणाऱ्या मध्यम कारखान्याला दिवसाला दोनशे किलो. अनेक कारखान्यांच्या समूहातून रोज दहा कोटी लिटर पाणी येत असेल, तर दिवसाला दोनशे टन आणि वर्षाच्या तीनशे दिवसांत साठ हजार टन. आता त्याच हजार लिटर पाण्यातले क्षार पाहा. लिटरमागे सहा ग्रॅम क्षार धरले तर ते सहा किलो भरतात. रंग दोनशे ग्रॅम, क्षार सहा किलो. आपण सारी बुद्धी आणि सारा निधी त्या दोनशे ग्रॅमवर खर्च करतो आहोत.

आणि त्या साठ हजार टन कोळशाचे पुढे काय? रंग नष्ट झालेला नसतो, पाण्यातून कोळशावर आलेला असतो. दाणेदार कोळसा भट्टीत आठशे अंशांच्या आसपास तापवून पुन्हा वापरता येतो, मात्र दर फेरीत त्यातला काही भाग जळून जातो आणि अशी भट्टी लहान कारखान्याला परवडत नाही. भुकटीचा कोळसा तर बहुधा एकदाच वापरला जातो. धोकादायक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांत अनेक प्रक्रियांमधला वापरलेला कोळसा आणि सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ यांची नोंद आहे. असा माल अधिकृत भूभरण केंद्रात किंवा सिमेंटच्या भट्टीत जायला हवा. त्याचा वाहतूक खर्च आणि शुल्क ‘स्वस्त’ या विशेषणात धरलेले नसते. व्यवहारात तो कुठे जाईल हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही. तो कारखान्यामागच्या ओसाड जागेत जाईल आणि पहिल्या मोठ्या पावसात नाल्यात उतरेल.

कच्च्या मालाबद्दलही आपली अशीच गोड समजूत आहे. शेतातला ‘टाकाऊ’ माल फुकट मिळतो असे आपण मानतो. उसाचा बगॅस साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळतो आणि त्यावर वीज तयार होते, हे महाराष्ट्रातील वाचकांना सांगायला नको. भाताच्या तुसालाही गिऱ्हाईक आहे. करवंटीच्या कोळशाचा भाव तर निर्यातीशी बांधलेला आहे. याहून बोचरे उदाहरण तिरुप्पूर जिल्ह्यातच सापडते. खोबरे आणि खोबरेल यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या कांगेयम परिसरात करवंट्या जाळून कोळसा करण्याचा धंदा मोठा आहे. खड्ड्यांत करवंट्या जाळणे आणि पेटता कोळसा पाणी ओतून विझवणे, ही तेथील जुनी पद्धत. धूर गावात पसरतो आणि विझवलेले पाणी जमिनीत मुरते. विहिरींचे पाणी बिघडल्याच्या तक्रारी तेथील शेतकऱ्यांनी वारंवार केल्या आहेत. म्हणजे एका नदीचे पाणी स्वच्छ करणारा पदार्थ त्याच जिल्ह्यातील दुसऱ्या गावाची विहीर बिघडवत असू शकतो. हा दोष करवंटीचा मुळीच नाही. बंदिस्त भट्ट्या आहेत, धूर पकडून त्याची उष्णता वापरण्याची तंत्रे आहेत. पण ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे, इतके तरी यावरून कळावे.

या विषयाला राष्ट्रीय म्हणण्याचे कारण असे की, तिरुप्पूरने जी किंमत मोजली ती देशातील इतर रंगाई केंद्रांनी मोजलेली नाही. राजस्थानात पालीची बांडी नदी, बालोतऱ्याजवळची लुणी, जोधपूरची जोजरी, गुजरातेत जेतपूर, महाराष्ट्रात इचलकरंजी आणि पंचगंगा. जोजरीच्या प्रदूषणाची दखल सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली. एका राज्यात कठोर अट आणि शेजारच्या राज्यात सैल कारभार असेल, तर प्रदूषण थांबत नाही, स्थलांतर करते. तिरुप्पूरचे कारखाने बंद झाल्यावर रंगाईचे काही काम आसपासच्या जिल्ह्यांत चोरून होऊ लागल्याच्या बातम्या आल्या होत्या, हे विसरू नये.

रंगाला इतके महत्त्व का मिळते, याचे उत्तर आपल्या नजरेत आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईजवळ तळोजा औद्योगिक वसाहतीत निळी पडलेली कुत्री दिसली, तेव्हा त्यांची छायाचित्रे जगभर गेली आणि कारवाईही झाली. कासाडी नदीबद्दल तेथील मच्छीमार त्याआधीपासून तक्रार करत होते. त्यांच्या तक्रारीला छायाचित्र नव्हते. नियमन यंत्रणाही माणसांचीच असते. नाला लाल दिसला की फोन येतो, वर्तमानपत्र विचारते, अधिकारी धावतो. नाला नितळ दिसला की फाइल बंद होते. कापड उद्योगासाठी २०१६ मध्ये केंद्राने जी मानके अधिसूचित केली, त्यांत रंगाची मर्यादा आहे तशीच विरघळलेल्या एकूण क्षारांची, लिटरमागे २१०० मिलिग्रॅमची मर्यादाही आहे. रंगाची मर्यादा नजरेने पाळली जाते, क्षारांची केवळ कागदावर. अशा व्यवस्थेत रंग काढण्याचे स्वस्त तंत्र हाती आले, तर त्याचा पहिला उपयोग पाणी शुद्ध करण्यासाठी न होता प्रदूषण अदृश्य करण्यासाठी होईल, ही माझी खरी भीती आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. आरओ आणि बाष्पके बसवणे मोठ्यांना जमते. चार माणसांच्या घरगुती रंगाईला, सांगानेरच्या ठसे उमटवणाऱ्या कारागिराला किंवा बाटिकच्या छोट्या गटाला ते कसे परवडणार? त्यांना काहीच न देण्यापेक्षा कोळशाचा एक गाळा दिलेला काय वाईट? मला हा आक्षेप मान्य आहे. जेथे पाणी थोडे, मीठ कमी आणि रंग मुख्य आहे, तेथे वनस्पतिजन्य कोळसा उपयोगी ठरू शकतो. मोठ्या केंद्रांतही जैविक प्रक्रियेनंतर आणि आरओच्या आधी उरलेले सेंद्रिय पदार्थ टिपण्यासाठी, किंवा जैविक टाकीतच भुकटी मिसळून जिवाणूंना मदत करण्यासाठी त्याला जागा आहे. तो उत्तम मदतनीस आहे. मात्र मदतनीसाच्या हाती संपूर्ण नदी सोपवता येत नाही.

मग करावे काय? पहिली सुधारणा आम्हा निधी देणाऱ्यांपासून व्हावी. रंग काढण्याच्या कोणत्याही प्रस्तावाला निधी देताना तीन अटी असाव्यात. प्रयोग खऱ्या सांडपाण्यावर, त्यातील मिठासह व्हावा. तोच कोळसा अनेक फेऱ्या वापरून दाखवावा. आणि वापरलेल्या कोळशाचे पुढे काय करणार, त्याचा खर्च किती, हे प्रस्तावातच लिहावे. या अटींनी प्रस्तावांची संख्या घटेल. घटू द्यावी. मिठाविना किंवा कमी मिठात रंगाई करण्यावर, कमी पाणी लागणाऱ्या यंत्रांवर, मिश्र क्षार वेगळे करण्यावर तो निधी वळवता येईल.

दुसरी सुधारणा व्यवहारातली. कोळसा विकत देण्याऐवजी सेवा म्हणून द्यावा. पुरवठादाराने दाणेदार कोळसा द्यावा, संपृक्त झाल्यावर परत न्यावा आणि समूहाच्या सामायिक भट्टीत तो पुन्हा तयार करावा. अशी भट्टी हा पायाभूत सुविधेचा भाग मानून केंद्र आणि राज्य यांनी तिच्या भांडवली खर्चात वाटा उचलावा. त्याच धोरणात करवंटीचा कोळसा बंदिस्त भट्टीतूनच आलेला असावा, ही अटही असावी. नाहीतर एका गावाचे दुखणे दुसऱ्या गावाला देण्यासाठी आपण अनुदान वाटत राहू.

तिसरी सुधारणा मोजमापाची. प्रत्येक रंगाई समूहाच्या खालच्या अंगाला नदीत आणि विहिरींत क्षारांचे मोजमाप नियमित व्हावे आणि ते आकडे गावाच्या भाषेत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. क्षार मोजण्याचे साधे उपकरण आज खिशात मावते. शेतकऱ्याला आपले पाणी खारट झाल्याचे जिभेने कळतेच. त्याच्या हाती आकडा आला तर न्यायालयात त्याची निम्मी लढाई सोपी होते.

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि तोच सर्वांत अवघड. नोय्यलचे शेतकरी दोन दशके जो खर्च सोसत होते, तो टी-शर्टच्या किमतीत कधीच धरलेला नव्हता. आज तिरुप्पूरचा रंगारी तो खर्च उचलतो आणि स्वस्त माल देणाऱ्या, पाणी तसेच सोडून देणाऱ्या स्पर्धकाकडे गिऱ्हाईक जाताना पाहतो. देशभर एकच अट लागू होत नाही आणि मोठे खरेदीदार पाण्याचा खर्च भावात मान्य करत नाहीत, तोवर प्रामाणिक कारखानदाराला शिक्षा आणि नाल्याला रंग हाच क्रम चालू राहील.

समितीवरचा माझा कार्यकाळ आता संपला आहे. पुन्हा कधी तशी दोन चंचुपात्रांची छायाचित्रे समोर आली, तर निधीच्या कागदावर सही करण्याआधी मी दोन गोष्टी विचारीन. उजवीकडच्या पाण्यातले क्षार मोजले का? आणि तो काळा झालेला कोळसा आता कुठे आहे?